गुलाबभाऊंचे कान

गुलाबभाऊंना ऐकू येत नाही, ही बातमी वर्ध्यात मी पसरवली. ती खोटी होती, आणि पसरवताना मला ते माहीत होतं. पुढचं काही लिहिण्याआधी एवढं सांगून टाकतो. नाहीतर त्यांच्याविषयी चार चांगल्या गोष्टी लिहिता लिहिता मी हळूच स्वतःलाही त्यांच्या शेजारी बसवून घेईन. तशी माझी सवय आहे.

माझं वर्ध्यात टीव्हीचं आणि होम थिएटरचं दुकान आहे. गुलाबभाऊ पवनारचे. तरुणपणापासून ते हिंगणघाटच्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. टॉकीज बंद पडली, मशीन भंगारात गेलं, आणि काही दिवसांनी हा उंच, किडकिडीत माणूस माझ्या काउंटरसमोर येऊन उभा राहिला. भर मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, मनगटावरची बटणं लावलेली. दुकानात तेव्हा एक सेट वाजत होता. त्यांनी तो मिनिटभर ऐकला आणि म्हणाले, "मारामारी झकास आहे. पण तो बुढा मरताना पोराले काय सांगून राह्यला, ते काही समजलं नाई. तुले समजलं का?"

मलाही समजलं नव्हतं. मी तो सेट महिनाभर रोज वाजवत होतो.

तेव्हापासून बारा वर्षं गुलाबभाऊ माझ्याबरोबर होते. सेट मी विकायचा, वायर आम्ही दोघांनी ओढायची, आणि आवाज त्यांनी लावायचा. ही कामाची वाटणी कोणी बसून ठरवली नव्हती, ती होत गेली.

आवाज लावणं म्हणजे काय, हे मी त्यांच्याकडूनच शिकलो. होम थिएटरमध्ये पाच-सहा डबे असतात. टीव्हीखालचा मधला डबा मुख्यतः संवादाचा. गुलाबभाऊ त्याला 'बोलका' म्हणायचे. कोपऱ्यातला जाडा डबा धडाम-धुडूमचा, तो 'ढमढम्या'. बाकीचे 'बाजूचे'. सिनेमात माणसं बोलतात हळू आणि गाड्या फुटतात जोरात, म्हणून घरोघरी एक माणूस रिमोट हातात धरून बसलेला असतो. बोलणं आलं की आवाज वाढव, मारामारी आली की कमी कर. गुलाबभाऊंना त्या माणसाची फार दया यायची. "त्यानं सिनेमा कवा पाहावा?" ते म्हणायचे. "तो तर ड्युटीवर आहे."

टॉकीजमध्ये ती ड्युटी ते स्वतः करत होते. एकदा आर्वीकडून येताना बसमध्ये त्यांनी मला हे सांगितलं. रिळं जुनी, घासलेली. संवाद पुसट आणि मारामारी कर्कश. मालकाला आवाज मोठा हवा असायचा, रस्त्यावर ऐकू गेला तर लोक आत येतात म्हणून. मालक केबिनमध्ये आला की गुलाबभाऊ आवाज वाढवायचे, तो जिना उतरला की कमी करायचे. मग सिनेमा सुटेपर्यंत सगळा वेळ बटणावर हात. केबिनच्या काचेतून त्यांना बायकांच्या रांगा दिसत. त्या पुढे झुकल्या की बोलणं कमी पडतंय, आणि लेकरांना छातीशी धरू लागल्या की आवाज जास्त झाला. एकदा बाजाराच्या दिवशी भाजी विकून झाल्यावर चार बायका टोपल्या घेऊन सिनेमाला आल्या. सुटल्यावर त्यांतली एक दारात उभ्या गुलाबभाऊंना म्हणाली, "आज सारं समजलं, भाऊ."

हे सांगताना ते खिडकीबाहेर बघत होते. एवढ्या वर्षांनंतरही त्यांना त्या वाक्याची लाज वाटत होती, जशी कौतुकाची वाटते तशी.

माझ्याबरोबर काम करताना बटणं त्यांच्या हाती नसत. नव्या यंत्रांचा सगळा कारभार टीव्हीच्या पडद्यावर, इंग्रजीत आणि आकड्यांत. तो मी बघायचो. ते पडद्याकडे पाठ करून बसायचे. पडद्यावरच्या एका आकड्याला ते एक दाणा म्हणत. "बोलका एक दाणा चढव. हं. ढमढम्या दोन दाणे उतरव. अजून अर्धा." अर्धाही असायचा. मी एकदा म्हटलं, "भाऊ, इकडं तोंड करून बसा नं, आकडा तरी दिसन."

"आकडा दिसला का कान आळशी होते," ते म्हणाले. "तू पाह्य, मी ऐकतो."

मी बघायचं आणि त्यांनी ऐकायचं. मी काय दाबलं हे त्यांनी बारा वर्षांत एकदाही तपासलं नाही.

सोफ्यावर बसण्याआधी ते खोलीभर फिरायचे. एक टाळी वाजवून बघायचे. ग्रॅनाइटची फरशी आणि काचेच्या खिडक्या असल्या की टाळी भिंतीभिंतीवर आपटत राहायची. मग त्यांची मागणी यायची, "घरात वाकळ आहे का एखादी?" नव्या बंगल्यातली मालकीणबाई अवघडून जुनी गोधडी काढून आणायची, आणि गुलाबभाऊ ती मागच्या भिंतीवर धरून म्हणायचे, "आता ऐका." शब्द खरंच उभे राहायचे. गोधडी कोणी लावून ठेवत नसे, पण पुढच्या खेपेला तिथे जाड पडदा दिसायचा. बोलक्या डब्यासमोर हमखास काहीतरी ठेवलेलं असायचं, प्लॅस्टिकच्या फुलांचा गुच्छ किंवा नातवाचा फोटो. तो ते दोन्ही हातांनी उचलून शेजारी ठेवायचे. पुठ्ठ्याची घडी करून डब्याखाली सारायचे, म्हणजे त्याचं तोंड बसणाऱ्याच्या कानाकडे होई.

मग माणूस निवडायचा. घरातला सगळ्यात म्हातारा, किंवा सगळ्यात कमी बोलणारा. त्याला मधोमध बसवायचं, हळू संवादाचा प्रसंग लावायचा आणि विचारायचं, "काय म्हणली ते?" ऐकू आलं का, असं ते कधी विचारत नसत. त्याला सगळेच हो म्हणतात. वाक्य परत म्हणून दाखवावं लागायचं. नंतर मारामारी लावायची आणि गुलाबभाऊ पडद्याकडे नव्हे, त्या माणसाच्या खांद्यांकडे बघायचे. खांदे वर गेले की, "उतरव एक दाणा."

याला तीन-तीन तास लागायचे. बाजारात आता अशी यंत्रं आली होती की एक छोटा माइक सोफ्यावर ठेवला की ती स्वतःच पाच मिनिटांत सगळं लावून घेत. मी गुलाबभाऊंना तो माइक दाखवला. त्यांनी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "चांगला आहे. पण ह्याले घरी बुढी आई आहे का?"

एका डिसेंबरात बँकेच्या एका साहेबांकडे गेलो होतो. साहेब पुण्याचे, नुकतेच बदलून आलेले. सगळं लावून झालं. मी बॅग आवरू लागलो तर गुलाबभाऊ खिडकीपाशी जाऊन उभे. खिडकीत घरमालकाचा कूलर होता, जुन्या साडीत गुंडाळून ठेवलेला.

"साहेब, हा चालू करा."

"डिसेंबरात कूलर?"

"हो जी."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. साडी सोडली, कूलर लावला, मागच्या वर्षीच्या गवताची धूळ खोलीभर उडाली. साहेब मफलर गुंडाळून आणि त्यांच्या पत्नी शाल घेऊन सोफ्यावर बसले आणि कूलर भरारा वाजत राहिला. मघाशी स्पष्ट ऐकू येणारा एकही शब्द आता कळत नव्हता.

"साहेब, मार्च लागला का हा गडी तुमच्या घरात दिवसरात्र बोलून राह्यला समजा," गुलाबभाऊ म्हणाले. "पाऊस येईस्तोवर चूप बसत नाई. बोलणं ह्याच्यावरून गेलं पाहिजे." मग त्यांनी दुसरा आवाज लावला. यंत्रात दोन्ही मी साठवून ठेवले, एक नंबर हिवाळा, दोन नंबर उन्हाळा. एप्रिलात साहेबांचा फोन आला. ते एवढंच म्हणाले, "दोन नंबर लावला. त्या गृहस्थांना नमस्कार सांगा."

जामच्या एका ढाबेवाल्याशी मात्र त्यांचं जमलं नाही. त्याला ट्रकवाले थांबावेत म्हणून रस्त्यापर्यंत छाती हादरवणारा आवाज हवा होता. गुलाबभाऊ त्याला समजावत होते, "अबे, तो माणूस दिवसभर इंजन ऐकून येते. त्याले जेवताना तरी मोकळा सोड." ढाबेवाला म्हणाला, "काका, तुम्ही आवाज लावाले आले का उतरवाले?" त्यावर गुलाबभाऊ मनापासून हसले आणि बाहेरच्या खाटेवर जाऊन बसले. आवाज मी लावला.

आष्टीच्या गुरुजींची गोष्ट आम्ही दोघेही नंतर खूपदा आठवायचो. गुरुजी निवृत्त, घरात दोघंच. गुरुजींच्या पत्नी टीव्ही बघताना दर दोन मिनिटांनी विचारायच्या, "काय म्हणला तो?" आणि गुरुजी वैतागून सांगायचे. गुलाबभाऊंनी त्या बाईंना मधोमध बसवलं आणि पूर्ण एक दुपार घालवली. शेवटी त्या प्रत्येक वाक्य बरोबर परत म्हणू लागल्या. पंधरा दिवसांनी गुरुजींचा फोन. आवाज उत्तम आहे, काही तक्रार नाही. जरा थांबून म्हणाले, "पण आता ही मला काही विचारतच नाही हो."

मी फोन ठेवून हसत सुटलो. गुलाबभाऊ हसले नाहीत. त्या बाजूला पुन्हा काम निघालं तेव्हा आष्टीला मुद्दाम उतरले, चहा घेतला, आणि निघताना बाईंना हळूच म्हणाले, "वहिनी, समजलं तरी मधून मधून विचारत जा गुरुजीले." बाई तोंडाला पदर लावून हसल्या.

अशा माणसाला मी काय केलं ते आता लिहितो.

वर्ध्याच्या एका वकीलसाहेबांनी बंगल्यात सिनेमासाठी वेगळी खोली बांधली. निम्मी हौस, निम्मी आईसाठी. आई ऐंशीच्या पुढच्या, गावाहून आणलेल्या, दिवसभर एकट्या. गुलाबभाऊंनी तिथे लागोपाठ दोन दुपारी काढल्या. म्हातारीला मधल्या खुर्चीत बसवलं. ती वाक्य परत म्हणायची आणि वर स्वतःचं एक जोडायची. "तो म्हणते, मी उद्या येतो. पण येत नाई पाह्य तो, लबाड आहे." गुलाबभाऊ पोट धरून हसायचे. दुसऱ्या दिवशी निघताना ती म्हणाली, "गुलाब, तू येत जा रे मधून मधून."

रविवारी दुपारी वकीलसाहेबांनी वीस-पंचवीस लोकांना बोलावलं होतं. जेवण आणि नंतर सिनेमा. आम्हीही होतो. सकाळी त्यांचे मेहुणे नागपूरहून आले. त्यांनी थोडा वेळ ऐकून माझ्याकडे बघत तोंड वाकडं केलं. "एवढे मोठे डबे आणि आवाज एवढाच? माझ्याकडे सोफा हलतो, विनोदराव." पाहुण्यांमध्ये तिघेजण नवीन घर बांधत होते, हे मला माहीत होतं. त्यांच्यासमोर सोफा हलायला हवा असं मला वाटलं.

लोक जेवत होते. गुलाबभाऊ अंगणात हात धुवायला गेले होते. मी एकटाच खोलीत गेलो. बोलका तीन दाणे उतरवला. ढमढम्या पाच दाणे चढवला. मोठे आवाज एका मर्यादेत ठेवणारी एक सोय यंत्रात असते, ती गुलाबभाऊंनी म्हातारीसाठी चालू करायला लावली होती; ती बंद केली. या सगळ्याला मिनिटभरही लागलं नाही.

पहिली दहा मिनिटं लोक वा वा करत होते. मेहुण्यांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. मग बाप आणि मुलीच्या बोलण्याचा प्रसंग आला. कूलर चालू होता. कुणालाही काही कळेना. वकीलसाहेब म्हणाले, वाढवा जरा. मी वाढवला. आणि लगेच मारामारी लागली. खिडकीच्या काचा थरथरल्या. म्हातारी दचकली, हातातला सरबताचा पेला तिच्या मांडीवर सांडला, आणि दोन्ही हात कानांवर घेऊन ती ओरडू लागली, "बंद करा! मले माह्या खोलीत नेऊन द्या!" सुनेने तिला धरून नेलं. ओलं लुगडं सावरत ती सगळ्यांसमोरून गेली. तिच्यासाठी बांधलेल्या खोलीतून.

सिनेमा थांबवला. वकीलसाहेब शांतपणे म्हणाले, "विनोदराव, हे काय बसवलं तुम्ही?"

गुलाबभाऊ मागे दारापाशी उभे होते. ते पुढे आले. "साहेब, मी असा नवता ठेवला."

आणि मी हसून बोललो. ते हसू मला आजही चेहऱ्यावर जाणवतं. "जाऊ द्या साहेब. भाऊंचं वय झालं आता, कानाले कमी ऐकू येते त्यायच्या. मीच पाह्यलं पाहिजे होतं."

मेहुणे म्हणाले, "म्हणजे बहिऱ्याला आवाज लावायला ठेवलं होय तुम्ही!" आणि खोली हसली. इतका वेळ अवघडलेल्या लोकांना हसायला काहीतरी हवंच होतं. गुलाबभाऊंचा हात आपोआप कानाकडे गेला, आणि मध्येच थांबून खाली आला.

परत जाताना मोटरसायकलवर ते मागे बसले होते. चौकात मी गाडी थांबवली तेव्हा त्यांनी विचारलं, "विनू, खरं सांगजो. मी सांगतलं, तितकेच दाणे होते नं?"

तेव्हा तिथे आम्ही दोघंच होतो. गिऱ्हाईक नव्हतं, मेहुणे नव्हते, लाज वाटायला कुणी नव्हतं. खोलीतलं पहिलं खोटं घाबरून बोललो, असं मी स्वतःला समजावू शकतो. याला काही समजावणी नाही.

मी म्हणालो, "हो भाऊ. तितकेच."

"असं का," ते म्हणाले.

त्यानंतर आम्ही एकच घर केलं. तिथे ते पहिल्यांदाच पडद्याकडे तोंड करून बसले. एक प्रसंग ऐकायचे आणि मला विचारायचे, "बरोबर वाटून राह्यलं का तुले?" पुन्हा ऐकायचे. "आकडा किती आहे?" मी आकडा सांगायचो आणि ते मान हलवायचे, जणू त्यांना त्यातून काही कळत होतं. काम अर्ध्यावर सोडून उठले आणि म्हणाले, "तुह्या त्या माइकवरच कर आता. कोणाच्या घरची बुढी पुन्हा रडाले नको."

मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहिलं पाहिजे. कामं लवकर होऊ लागली. कुणी गुलाबभाऊंबद्दल विचारलं तर मी तीच गोष्ट सांगायचो, कान गेल्याची. सांगता सांगता ती रंगवूही लागलो होतो. असं दीड वर्ष गेलं.

मग एक दिवस शांतावहिनी दुकानात आल्या. गुलाबभाऊंच्या पत्नी. पदराच्या गाठीतून त्यांनी एक बारीक, गोल, बटणासारखा सेल काढून काउंटरवर ठेवला. "भाऊजी, असा आहे का तुमच्याजवळ? यायच्या कानाच्या यंत्राचा आहे."

"भाऊंनी कानाचं यंत्र घेतलं?"

"बाजारातून घेतलं, तयार. डॉक्टर तर म्हणे, वयाच्या मानानं कान चांगले आहेत, काही गरज नाई. पण हे ऐकत नाई कोणाचं. ते लावलं का भांडं पडलं तरी दचकतात, टाळकं धरून बसतात. काढा म्हटलं का काढत नाई. मी म्हटलं, डॉक्टर काऊन खोटं बोलन? तर म्हणे, डॉक्टरनं मले एक दिवस पाह्यलं. विनू बारा वर्षं संग होता. विनू काऊन खोटं बोलन?"

मी सेल दिले. त्यांना चहा विचारला. त्या म्हणाल्या, बस निघून जाईल. त्या दिवशीही सांगितलं नाही, आणि पुढचे दहा-अकरा दिवसही नाही. रोज सकाळी ठरवायचं, आणि रोज दुकानात एखादं गिऱ्हाईक यायचं.

शेवटी एका सकाळी दुकान न उघडताच पवनारला गेलो. गुलाबभाऊ ओसरीत वांगी निवडत बसले होते. उजव्या कानात ते यंत्र. मला बघून त्यांना आनंद झाला. खरंच झाला. "ये, ये. शांते, विनू आला. च्या ठेव." आणि कान पुढे करून म्हणाले, "जरा जोरात बोलजो बावा."

मी हळूच बोललो. वकीलसाहेबांकडे आवाज मी बदलला होता, असं सांगितलं. लोक जेवत असताना बदलला, तुमचा होता तो बरोबर होता. चौकात तुम्ही विचारलं तेव्हा खोटं बोललो. तुमच्या कानांना काही झालेलं नाही.

ते वांगं हातात धरून बसून राहिले. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. मग त्यांनी विचारलं, "किती?"

"काय?"

"किती दाणे?"

"बोलका तीन खाली. ढमढम्या पाच वर. आन् बुढीसाठी लावलेली ती सोयही बंद केली."

"पाच," ते म्हणाले. "तरीच. मी दाराजवळ उभा होतो, मले वाटलं का चार-पाच दाणे चढला आहे. मंग तू म्हणाला, नाई. तर मी म्हटलं, मलेच तसं वाटून राह्यलं."

आणि त्यांनी कानातून ते यंत्र काढलं, शर्टाच्या टोकाने पुसलं आणि वांग्यांच्या टोपलीशेजारी ठेवलं. बराच वेळ ते रस्त्यावरून जाणाऱ्या माणसांचं बोलणं ऐकत बसले. त्यांचे डोळे भरले होते, आणि मला तिकडे बघवेना.

शांतावहिनी चहा घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "दीड वरीस," त्या म्हणाल्या. "हे दीड वरीस माह्यासंगं धड बोलले नाई. मी काही म्हटलं का, असं ऐकलं का तसं ऐकलं, ह्याच धाकात. नातीशी बोलाले घाबरत. आन् तुम्ही माह्या हातात सेल देल्ले, भाऊजी?" चहा त्यांनी माझ्यासमोर ठेवला नाही. आत घेऊन गेल्या.

मी गुलाबभाऊंच्या पायांना हात लावायला वाकलो तर त्यांनी पाय मागे घेतले.

"इथं कायले?" ते म्हणाले. रागाने नाही. कामाची सूचना द्यावी तसे. "इथं मी आन् शांता. आमाले तर आता माहीत झालं. तू बोलला होता तिथं, चारचौघांत. तिथं बोल."

मी वकीलसाहेबांना फोन केला आणि फोनवरच सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "रविवारी या. मी सगळ्यांना बोलावतो." त्यांनी खरंच बोलावलं. तेव्हाचे सगळे आले नाहीत, पण बारा-तेरा जण होते. नागपूरचे मेहुणेही होते.

हे लिहितो आहे तोपर्यंत गुलाबभाऊ माझ्या दुकानात परत आलेले नाहीत. मी बोलावलेलं नाही. तो अधिकार मला नाही. वर्ध्यातले दोन-तीन लोक त्यांना आवाज लावायला परस्पर घरी घेऊन जातात, असं कानावर आलं आहे. ते ऐकून मला बरं वाटतं. त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्या रविवारीच.

शांतावहिनींना घेऊन ते बसने आले होते. तोच पांढरा शर्ट, कडक इस्त्रीचा. म्हातारीने त्यांना ओळखलं आणि हाताला धरून आपल्या शेजारी बसवलं. तिला काय चाललंय ते माहीत नव्हतं, पण ती खुश होती. वहिनी दाराशी उभ्या राहिल्या, बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. कूलर वकीलसाहेबांनी स्वतः उठून बंद केला. खोलीत इतकी शांतता झाली की कुणीतरी खुर्ची सरकवली तेही टोचलं.

मी कागदावर लिहून नेलं होतं. तो खिशातच राहिला. गुलाबभाऊ माझ्याकडे सरळ बघत होते, डोळे न मिटता. इतक्या वर्षांत त्यांनी मला बोलताना असं कधी पाहिलं नव्हतं.

मी म्हणालो, "त्या दिवशी ह्या खोलीतला आवाज मी बिघडवला होता. तुम्ही जेवत होते तवा. गुलाबभाऊंनी लावला होता तो बरोबर होता. मंग मी तुमच्यासमोर म्हटलं का त्यायचे कान गेले, आन् तुम्ही हसले. ते खोटं होतं. त्यायचे कान चांगले आहेत, तवाही होते. नंतर त्यायनं मले एकट्याले विचारलं, तवाही मी खोटंच सांगतलं, आन् त्यायनं डॉक्टरपेक्षा माह्यावर विश्वास ठेवला. भाऊ, माह्याकडून चूक झाली असं मी म्हणत नाई. चूक न समजता होते. मी समजून केलं. मले माफ करा."